म्युनिकच्या अतिदक्षता विभागात पती आहेत : प्रार्थना सुचत नाही, आभार तरी कसे मानावेत?

महालची सून (प्रश्न)

नमस्कार. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो आणि मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिन्यांकरिता म्युनिकला आलो आहोत. नऊ दिवसांपूर्वी सकाळी यजमानांच्या छातीत एकाएकी कळ आली आणि पाहता पाहता त्यांचा सदरा घामाने भिजला. जावयांनी लगेच ११२ या क्रमांकावर फोन केला. अशा प्रसंगी येथे डॉक्टरांनाच घरी पाठवण्याची पद्धत असल्यामुळे रुग्णवाहिकेपाठोपाठ एक डॉक्टरबाई आल्या. त्या ईसीजीच्या तारा लावत होत्या तेवढ्यात ह्यांचे हृदय थांबले. आमच्या बैठकीच्या खोलीत, नातीच्या पाळण्यापासून चार हातांवर, छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्यांनी ते पुन्हा चालू केले.

त्यानंतर अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला गेला आणि तीन दिवस ह्यांना झोपेच्या औषधाखाली कृत्रिम श्वासावर ठेवले होते. आता श्वास स्वतःचा आहे, पण मन ठिकाणावर नाही. कधी मला ओळखतात, तर कधी जर्मन परिचारिकेला मराठीत विचारतात की बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गाडी कोठे लावली आहे. तिला काही कळत नाही, तरी ती त्यांचा हात धरून ऐकून घेते.

माझी अडचण अशी की मला प्रार्थना करता येईनाशी झाली आहे. लग्नाआधीपासून मी टेकडीच्या गणपतीला जाते, पण येथे हात जोडले की शब्द सुचत नाहीत. नाम घ्यायला बसले तर ते मॉनिटरच्या आवाजाशी जुळते, आणि त्या आवाजाची लय बदलली की नाम तुटून जीव घाबरा होतो. नातेवाईक फोनवर सांगतात की देवाने वाचवले, त्याचे आभार मान. मलाही देवानेच वाचवले असे वाटते, परंतु ज्याचे काम अजून पुरे झालेले नाही त्याचे आभार आजच मानले, तर ‘एवढे पुरे’ असे मीच म्हटल्यासारखे होईल, ही भीती जात नाही. आणखी एक. नागपूरला सासूबाई आहेत, वय ८४. त्यांना आम्ही ताप आला आहे एवढेच सांगितले आहे. हे खोटे किती दिवस चालवावे?

इतवारीची लेक

ताई, माझ्या यजमानांना सिंगापूरमध्ये पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मीही अशीच एका खुर्चीवर बसून होते. बोलताना त्यांची जीभ अडखळली आणि उजवा हात खाली पडला. हॉटेलच्या कर्मचाऱ्याने ९९५ ला फोन केला. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि आम्ही त्या वेळेत पोहोचलो ते त्या मुलामुळे. मी त्याचे नावसुद्धा विचारले नव्हते.

आभाराबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते मला नेमके समजले. माझ्या वडिलांचे इतवारीत किराणा दुकान होते आणि गल्ल्याशेजारी उधारीची वही असे. सिंगापूरच्या तिसऱ्या रात्री मी एका कागदावर तशीच उधारी लिहायला घेतली : फोन करणारा मुलगा, स्वतःचा डबा माझ्यासमोर उघडून ठेवणारी तमिळ आजी, पहाटे चादर बदलणारी फिलिपिनो परिचारिका. लिहिताना लक्षात आले की उधारी लिहिली म्हणजे व्यवहार मिटला असे नसते, खाते चालू असते म्हणूनच ती लिहायची असते. ताई, आज आभार मानल्याने तुमचे मागणे बंद होत नाही. त्या डॉक्टरबाईंचे नाव जावयांना विचारून घ्या आणि पहिल्या ओळीवर तेच लिहा. मी देवाचे नाव सर्वांत खाली लिहिले होते, कारण वर लिहिलेली सगळी माणसे त्यानेच पाठवली होती असे मला मनापासून वाटत होते, आणि आजही वाटते.

निवृत्त परिचारिका, रामदासपेठ

वहिनी, मी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम केले आहे, म्हणून आधी ह्यांच्या बडबडण्याविषयी लिहिते. गंभीर आजार, झोपेची औषधे, दिवसरात्र जळणारे दिवे आणि तुटक झोप यांमुळे अशा विभागातील पुष्कळ रुग्णांना तात्पुरता भ्रम होतो. हृदय काही काळ थांबलेले असल्यामुळे मेंदूला प्राणवायू कमी पडला होता का, हे तेथील डॉक्टरच तपासून सांगतील. ते त्यांना स्पष्ट विचारा आणि मुलीला दुभाषी म्हणून शेजारी उभी करा. मात्र रुग्ण कधी ओळखतो आणि कधी ओळखत नाही, असे दिवसभरात वर-खाली होणे हे या भ्रमाचे नेहमीचे लक्षण आहे, आणि बहुतेकांचा भ्रम प्रकृती सुधारत जाते तसा ओसरतो.

या काळात औषधाइतकाच उपयोग होतो तो ओळखीच्या गोष्टींचा. त्यांचा चष्मा डोळ्यांवर असू द्या, ऐकण्याचे यंत्र वापरत असतील तर तेही लावा. समोर दिसेल असे घड्याळ ठेवा. ‘आज अमुक वार आहे, आपण म्युनिकला आहोत, तुम्ही दवाखान्यात आहात’ हे न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगा. बर्डीच्या गाडीवरून त्यांच्याशी वाद घालू नका. गाडी सुरक्षित आहे असे सांगा आणि हळूच आजच्या दिवसावर आणा. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तुमचा आवाज आणि तुमची मराठी. परक्या भाषेच्या गलबल्यात त्यांच्या मेंदूला हात धरायला दुसरे काय आहे?

म्हणून तुम्हाला प्रार्थना सुचत नसेल तर नवी सुचवायला जाऊच नका. घरी तिन्हीसांजेला जी आरती म्हणता ती त्यांच्या कानाशी, सावकाश, नेहमीच्या चालीत म्हणा. मॉनिटरकडे पाठ करून बसा. ते यंत्र पाहायला तेथे माणसे आहेत आणि त्याचा प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो, बोटाला लावलेली चिमटी सरकली तरी ते वाजते. आमच्याकडे एका आजोबांच्या पत्नी रोज त्यांच्या कानाशी त्यांच्याच गावच्या देवीची आरती म्हणत. आठवड्याने आजोबांनी तिसऱ्या कडव्यातली त्यांची चूक दुरुस्त केली, तेव्हा आम्ही सगळ्या जणी पडद्यामागे रडलो होतो.

कागदपत्रांचेही लिहून ठेवते. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवले नसेल तर आजच कळवा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते, पण अतिदक्षता विभागात ती रक्कम अपुरी पडू शकते, तेव्हा पॉलिसीवर प्रत्यक्ष आकडा किती आहे तो पाहा. व्हिसाची मुदत संपत येत असेल तर ती संपण्याआधीच, डॉक्टरांचे पत्र जोडून तेथील परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुदतवाढ मागता येते. म्युनिकमध्ये भारताचा महावाणिज्य दूतावास आहे, तेथेही कळवा. परतीच्या विमानासाठी विमान कंपनी प्रवासयोग्यतेचा दाखला मागेल. तो मिळेपर्यंत तिकिटाची घाई करू नका. स्टेंटनंतर दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, आणि अँजिओग्राफीची सीडी हातसामानातच आणा.

इंदोऱ्याचा रहिवासी

ताई, मी लिहू की नको याचा दोन दिवस विचार केला, कारण माझी पत्नी परत आली नाही. दुबईत स्वयंपाकघरात ती कोसळली. मी ९९८ ला फोन केला, रुग्णवाहिका लवकर आली, डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया केली आणि चौथ्या दिवशी ती गेली. कोणाचीही कसूर नव्हती.

आमचे घर बौद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी माझे आईवडील दीक्षाभूमीवर त्या गर्दीत उभे होते. त्यामुळे नवस बोलण्याची आमच्यात रीत नाही, आणि त्या चार दिवसांत मला प्रथमच त्या रीतीची उणीव वाटली, कारण मागायला कोणी नव्हते. मी तिच्या उशाशी त्रिशरण म्हणत असे आणि मग त्या मजल्यावरच्या प्रत्येक रुग्णासाठी मैत्रीभावना, म्हणजे त्याचे भले व्हावे असे चिंतन, करत असे. शेजारच्या पलंगावर पेशावरचा एक टॅक्सीचालक होता. त्याचा भाऊ रोज माझ्यासाठी चहा आणायचा. तिचा पासपोर्ट रद्द करून घेण्यासाठी आणि ना हरकत पत्रासाठी मला भारतीय वाणिज्य दूतावासात जावे लागले तेव्हा तोच गाडी चालवत होता, आणि त्याने पैसे घेतले नाहीत.

तुम्ही विचारता की काम पुरे होण्याआधी आभार कसे मानावेत. ताई, माझे काम मला हवे तसे कधीच पुरे झाले नाही, तरी त्या चहाबद्दल मी कृतज्ञ आहे. ती गेली म्हणून त्या माणसाचा चहा खोटा ठरत नाही. तुमचे यजमान आज श्वास घेत आहेत. त्यांच्या हाताला हात लावता येतो तोवर तो लावा, बाकीचे शब्द येतील तेव्हा येतील. आजपासून माझ्या मैत्रीभावनेत तेही आहेत.

महालची सून

तुम्हा तिघांना नमस्कार. दादा, तुमचे लिहिलेले मी मुलीला वाचून दाखवू शकले नाही, तिलाच फोन हातात दिला. तुमच्या पत्नीसाठी आम्ही दोघींनी काल येथे दिवा लावला.

डॉक्टरबाईंचे नाव कळले आहे आणि ते पहिल्या ओळीवर लिहिले आहे. दुसऱ्या ओळीवर बर्डीच्या गाडीची चौकशी ऐकून घेणारी परिचारिका आहे. डॉक्टरांनी मेंदूच्या तपासण्या समाधानकारक असल्याचे सांगितले, मात्र स्मरणशक्तीविषयी काही आठवडे थांबावे लागेल असेही सांगितले. रात्री ते अजून गोंधळतात.

येथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा नागपूरला साडेसहा होतात, म्हणजे सासूबाईंची दिवाबत्तीची वेळ. काल मी त्याच वेळी फोन लावून त्यांना सगळे खरे सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ताप असता तर त्याने मला स्वतः फोन केला असता. तू एकटी सोसत होतीस म्हणून मी विचारले नाही.’ आणि त्यांनी मला फोन त्याच्या कानाशी धरायला सांगितले. त्यांनी आरती सुरू केली, मीही त्यांच्यामागून म्हणू लागले, आणि मॉनिटर माझ्या पाठीमागे होता. आरती संपल्यावर त्यांनी नेहमीसारखे विचारले, ‘जेवलास का रे?’

ह्यांनी डोळे न उघडता उत्तर दिले, ‘हो आई, आत्ताच.’