भाची पुण्यात बी. ए.ला आली आहे, नजर कमी आहे. कॉलेजकडे मदत कशी मागावी?

रानजाई
माझी भाची लातूरहून पुण्यात आली आहे, अर्थशास्त्र घेतलंय. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. समोरचं अक्षर बऱ्यापैकी वाचते, पण बाजूचं दिसत नाही आणि दिवेलागणीनंतर जवळजवळ काहीच दिसत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढलेलं आहे, 40 टक्क्यांच्या वरचं. बारावीपर्यंत बाकावरची मैत्रीण फळ्यावरचं वाचून सांगायची, त्यावर निभावलं. इथे ती कुणालाच काही सांगायला तयार नाही. परवा जिन्यात एका मुलीला धक्का लागला, ती म्हणाली, "दिसत नाही का?" त्या रात्री ही जेवली नाही. कॉलेजात नेमकं कुणाला भेटायचं? परीक्षेला लेखनिक घ्यावा का? पुस्तकांचं काय? आणि तिला न दुखावता या सगळ्याला सुरुवात कशी करू?

खिडकीजवळचा बाक
ताई, मी पूर्ण दृष्टिहीन आहे, अर्थशास्त्रातच एम. ए. केलं. पहिल्या वर्षी मीही गप्प राहिलो. पेपरच्या दिवशी कळलं की लेखनिकाची परवानगीच निघालेली नाही. "आधी का नाही सांगितलं?" एवढंच उत्तर मिळालं आणि पेपर 40 मिनिटं उशिरा सुरू झाला. त्यानंतर दरवर्षी वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात अर्ज देत गेलो.

भाची वाचू शकते, तर लेखनिकाची घाई करू नका. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना लेखनिक न घेताही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा वेळ देण्याची तरतूद होती, आताच्या सूचना विद्यापीठात विचारून घ्या. मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिकाही मागता येते. विद्यापीठाचा स्वतःचा फॉर्म असेल तर तो वेळेत भरा.

पुढे लेखनिक लागलाच, तर 2018 च्या त्या सूचनांप्रमाणे आपण आणलेला लेखनिक एक पायरी कमी शिकलेला असावा लागायचा, आणि परीक्षा मंडळाने दिलेल्या लेखनिकाला दोन दिवस आधी भेटता यायचं. अशी भेट मिळाली तर सोडू नका. अर्थशास्त्रात खरी कसोटी आकृतीची असते. "मागणी वक्र काढ" म्हटलं तर अकरावीचं पोर गोंधळतं. मी सांगायचो, "उभ्या रेषेवर किंमत लिही, आडव्या रेषेवर नग. आता डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरती रेघ. तिच्यावर दोन ठिपके, वरचा अ, खालचा ब." घरी आठ-दहा आकृत्या अशा बोलून काढून घेतल्या की परीक्षेत वेळ जात नाही.

पाटी पेन्सिल
मी अनुदानित महाविद्यालयात शिकवते. समान संधी कक्ष, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारा विभाग, कुठे आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी तो म्हणजे एक पाटी आणि जादा जबाबदारी दिलेले एक प्राध्यापक असतात. त्यांनाच गाठा. कक्ष नसेल तर थेट प्राचार्यांना भेटा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी बोलणं त्या दिवशी सगळ्यांना पटतं, पण सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

अर्जात आजाराचं वर्णन एक ओळ पुरे. बाकी काय हवं ते लिहा: पुढचा बाक, स्लाइड आदल्या दिवशी, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी, वसतिगृहात तळमजल्याची खोली आणि तिथपर्यंतच्या वाटेवर दिवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा वाजवी सोयींची तरतूद आहे, त्यामुळे संकोच नको. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. प्रवेश त्यातून झाला नसेल तरी या सोयी मागता येतात. शिष्यवृत्तीसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल बघा, मॅट्रिकोत्तरसाठी पालकांचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत लागतं. अर्जाची पडताळणी कॉलेजातून होते, तेव्हा त्या टेबलावरच्या क्लार्कची ओळख करून ठेवा.

शाईचे हात
थोडं वेगळं, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. माझ्या मुलाला लिहिताना हात आखडतो, पण टक्केवारी 40 पर्यंत जात नाही. "40 टक्के नाहीत ना, मग लेखनिक नाही," हे आम्ही दोन वर्षं ऐकलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात लेखनिकासाठी ही अट लावता येणार नाही असं सांगितलं, आणि 2022 मध्ये अशा परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना आल्या. त्यात वैद्यकीय प्रमाणपत्र लागायचं. दोन्हींची प्रिंट फाइलला लावून गेलो, तेव्हा काम झालं.

खिडकीजवळचा बाक
पुस्तकांचं राहिलं होतं. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) फुकट आहे, मराठीही वाचतो. आता ती डोळ्यांनी वाचत असली तरी कानाने वाचायची सवय आत्तापासून लावावी, संध्याकाळी डोळे थकतात तेव्हा उपयोगी पडेल. सुगम्य पुस्तकालय या छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा. 2012 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा दिव्यांग वाचकासाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात आणू देतो, म्हणून स्कॅन करताना बिचकू नका. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र 2003 पासून हेच काम करतं, एकदा जाऊन या.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा तिने स्वतः वाचला, फोनवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं करून. मी केलेल्या अर्जातली "डोळ्यांचा गंभीर आजार" ही ओळ तिने खोडली आणि लिहिलं, "मला फळा वाचता येत नाही. स्लाइड आदल्या दिवशी मिळाव्यात." आवक क्रमांक घेतला. काल रात्री मात्र हळूच विचारलं, "पांढरी काठी घेतली तर मला अगदीच दिसत नाही असं वाटेल का लोकांना?" मला उत्तर देता आलं नाही.

खिडकीजवळचा बाक
तिला सांगा, थोडं दिसणारेही काठी वापरतात. जिन्यातल्या त्या मुलीने काठी पाहिली असती तर ती बाजूला सरकली असती. घडीची घ्या, पिशवीत मावते. सुरुवातीला फक्त अंधार पडल्यावर काढावी. लांबी छातीच्या मधल्या हाडापर्यंत हवी, तेव्हा दुकानात तिला घेऊनच जा. चालण्याचं प्रशिक्षण देणारा माणूस पुण्यातल्या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेतच भेटेल. पहिले काही दिवस वसतिगृह ते मेस एवढीच वाट, त्याच्यासोबत.