दोन ओळींचा फिक्स असला तरी मेंटेनरकडूनच जाऊ द्या

लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये) दोन ओळींच्या फिक्ससाठी मेंटेनरच्या, म्हणजे त्या भागाचा कोड सांभाळणाऱ्याच्या, ट्रीमधून (त्याच्याकडच्या कोडच्या प्रतीतून) जायचा सोपस्कार कशाला, सरळ मेनलाइनला (मुख्य कोडला) टाका, असं काही जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. बघा ना, त्याच फाइलवर दुसऱ्या कुणाचं मोठं काम लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या व्हर्जनसाठीचे बदल जिथे आधी एकत्र करून तपासतात तिथे) आधीच येऊन बसलेलं असू शकतं, आणि तुमच्या दोन ओळी बाजूने घुसल्या की कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) निस्तरायला परत तोच मेंटेनर. त्यापेक्षा पॅच कुणाला पाठवायचा ते सांगणारी गेट-मेंटेनर स्क्रिप्ट चालवायची, जी नावं येतील त्यांना आणि मेलिंग लिस्टला पॅच (बदलाचा मजकूर) पाठवायचा, आणि बग एखाद्या जुन्या कमिटमुळे (नोंदवलेल्या बदलामुळे) आला असेल तर पॅचच्या फिक्सेस टॅगमध्ये त्या कमिटच्या आयडीची निदान पहिली 12 अक्षरं आणि शीर्षक द्यायचंच. हा टॅग फार मोलाचा आहे, फिक्स कुठल्या कुठल्या जुन्या व्हर्जनला हवाय ते स्टेबलवाल्यांना (आधीच प्रसिद्ध झालेल्या व्हर्जनमध्ये फिक्स घालणाऱ्यांना) त्यावरून कळतं. तसंही स्टेबलमध्ये मेनलाइनला गेलेलंच घेतात, तेही आजूबाजूच्या ओळी धरून 100 च्या आतलं. स्पेलिंग-स्पेसिंगचे पॅच मात्र मर्ज विंडोच्या (पुढच्या व्हर्जनचे बदल मेनलाइनमध्ये घेण्याच्या) दोन आठवड्यांत पाठवू नका राव, मेंटेनर तेव्हा पुल रिक्वेस्टच्या (आपले बदल मेनलाइनमध्ये घ्या अशा विनंत्यांच्या) गडबडीत असतात, आरसी1 (विंडो संपल्यावरचं पहिलं चाचणी व्हर्जन) आल्यावर पाठवा. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबा आणि मग नम्रपणे आठवण करा.