मदत हवी आहे: लिव्ह अँड लायसन्स संपल्यावर मालक दुप्पट भाडं मागतायत

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी) संपलाय. नव्या कराराचं बोलणं चालू असताना मालकांनी जुन्याच दराने भाडं बँकेत घेतलं. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २४ दाखवून त्याच महिन्यांचे दुप्पट मागतायत. मुदतीनंतर जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क लागतं आणि जागा खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज होतो, हे माहीत आहे. पण स्वतःहून घेतलेलं भाडं आणि नूतनीकरणाचे व्हॉट्सॲप मेसेज तिथे कितपत ग्राह्य धरतात? फरक डिपॉझिटमधून परस्पर कापता येतो का?

पाणी-वीज तोडायची धमकीही आहे, ती जास्त काळजीची. अशा तोडण्याविरुद्ध त्याच कायद्याच्या कलम २९ चं संरक्षण भाडेकरूला आहे. लायसन्सवर राहणाऱ्याला मिळतं का? जाणकारांनी कृपया सांगा.