मदत हवी आहे: न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया आरव्हीने, पाच माणसं, चार हजार डॉलर

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला कॅलिफोर्नियात नोकरी लागली आहे, १ जूनला रुजू व्हायचंय. सामान कंटेनरने, गाडी ट्रकवर आणि आम्ही विमानाने, असं ठरलं होतं. मग मिरजेहून सासू-सासरे एप्रिलमध्ये येणार हे पक्कं झालं आणि नवऱ्याच्या डोक्यात किडा शिरला, की अमेरिका आडवी पार करायची, तीही आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने. बाबा (सासरे) रेल्वेतून निवृत्त. व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे स्वयंपाकघर असलेला डबा, रुळांशिवाय? येतो की." सासूबाईंनी एकच विचारलं, संडास कुठे असणार? गाडीतच असतो म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय हे सुना ओळखतात.

तर आम्ही दोघं, साडेतीन वर्षांची लेक आणि आई-बाबा. मेचे मधले दोन आठवडे हातात आहेत. बॅडलँड्स आणि यलोस्टोन ही दोन राष्ट्रीय उद्यानं बघायचीच आहेत, बाकी सोडलं तरी चालेल. सगळं मिळून ४,००० डॉलरच्या आत बसवायचंय. मी काढलेला हिशोब: २५ फुटी क्लास सी (मधल्या आकाराची आरव्ही), रोजचं भाडं १५० गुणिले १४, वर पेट्रोल ६००, किराणा ४००, रात्री वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये. बसतंय ना? दोघांनीही याआधी मिनीव्हॅनपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. अनुभवी लोकांनी कृपया लिहा. आणि "आई-बाबांना एवढं फिरवू नका" असा सल्ला देणार असाल तर तो घरातूनच मिळालाय.

प्रतिसाद, डेन्व्हरहून

हिशोब वाचून हसू आलं, राग मानू नका, मीही पहिल्या वेळी असाच काढला होता. त्यात चार गोष्टी राहिल्या आहेत. भाड्यात मैल बहुधा धरलेले नसतात, दर मैलाला ३५-४० सेंट वेगळे लागतात. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडलीत तर एकमार्गी शुल्क, तेही शेकड्यात. जनरेटरचे तासावर पैसे. आणि पेट्रोल ६०० कुठून आणलंत? क्लास सी गॅलनला ८ ते १० मैल देते. तुमचा रस्ता वळणं धरून ३,५०० मैलांच्या आसपास जाईल, म्हणजे जवळपास ३९० गॅलन. मांडून बघा.

स्पष्टच लिहितो. स्वस्त पडेल म्हणून आरव्ही घेऊ नका. साधी गाडी आणि मोटेल हा मार्ग पाच जणांनाही बऱ्याचदा स्वस्त पडतो. आरव्ही घ्यायची ती वेगळ्या कारणासाठी. म्हातारी माणसं गाडी थांबवून वाटेल तेव्हा आडवी होतात, लघवीला जागा शोधत फिरावं लागत नाही, आणि वरणभात मिळतो. या तीन गोष्टींचे पैसे मोजायची तयारी असेल तर पुढचं बोलू.

प्रतिसाद, इंडियानाहून

आधीच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण एक पळवाट आहे. मी एल्कहार्टजवळ राहते. देशातल्या बहुतेक आरव्ही याच पट्ट्यात बनतात. भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना दर वसंतात नव्या गाड्या इथून पश्चिमेला न्याव्या लागतात. ड्रायव्हरला पगार देण्यापेक्षा तुम्हीच न्या, असा त्यांचा हिशोब असतो. त्यामुळे भाडं निम्म्याहूनही खाली येतं, एकमार्गी शुल्क नाही आणि काही हजार मैल फुकट. गाडी शिकागोच्या आसपास मिळते. तारखा मात्र त्यांच्या, तुमच्या नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत रोज त्यांची संकेतस्थळं बघत राहा.

यात एक गोम आहे. या सवलती साधारण मेच्या मध्यापर्यंत संपतात आणि यलोस्टोन तेव्हाच कुठे उघडत असतं. पूर्वेचं दार मेच्या पहिल्या शुक्रवारी उघडतं, दक्षिणेचं दुसऱ्या शुक्रवारी. दार उघडणं आणि सवलत संपणं यांच्या मधली फट बारीक आहे. तीत बसलात तर जिंकलात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नवऱ्याने पुन्हा मांडून बघितलं, ६,३०० च्या वर गेलं. घरात दोन दिवस शांतता होती.

पण आज खरंच एक गाडी मिळाली! शिकागोजवळून उचलायची, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला सोडायची, १४ रात्री, ६ मे ते २० मे, २,५०० मैल आत धरलेले. न्यू यॉर्क ते शिकागो आता लेक शोअर लिमिटेड या रेल्वेने जाणार, वीस तासांचा प्रवास. बाबांनी आतापासून थांब्यांची यादी वहीत उतरवली आहे.

पुढचे प्रश्न. डोंगर कुठून चढायचे? आणि संडासाच्या टाकीचं नेमकं काय करतात? हा दुसरा प्रश्न सासूबाईंचा समजा.

प्रतिसाद, मिनियापोलिसहून

डोंगर आधी. साउथ डकोटातून वायोमिंगमध्ये आलात की वाटेत बिगहॉर्न पर्वत आडवे येतात. जीपीएस तुम्हाला यूएस १४-ए हा महामार्ग दाखवेल, त्यावर अजिबात जाऊ नका, दहा टक्के उतार आहे. बफेलो गावातून यूएस १६ धरा. खिंड ९,६६६ फुटांवर आहे, पण चढ-उतार त्यातल्या त्यात सौम्य, आणि खाली टेन स्लीपची घळ बघायला मिळते ती वेगळीच. बर्फाची बातमी सकाळीच बघून निघा. उतरताना खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. खंबाटकी उतरताना जे करता तेच, फक्त पाच टन घेऊन. यलोस्टोनच्या दक्षिणेचं ग्रँड टेटन उद्यान झालं की जॅक्सनहून टेटन पासच्या वाटेला जाऊ नका, तिथेही दहा टक्के उतार आहे. यूएस ८९ ने बेअर लेक आणि लोगनमार्गे सॉल्ट लेक सिटीला उतरा.

बॅडलँड्समध्ये सेज क्रीक कॅम्पग्राउंड फुकट आहे म्हणून कुणीतरी सुचवेल. तिथे १८ फुटांपेक्षा लांब आरव्ही चालत नाही. त्याऐवजी वॉल गावाच्या दक्षिणेला उद्यानाच्या हद्दीबाहेर गवताळ कड्यावर नोमॅड व्ह्यू आहे, राष्ट्रीय गवताळ प्रदेशाची जमीन, फुकट. पाणी, वीज, संडास काही नाही, म्हणून टाकी भरून जा. कड्यापासून चार हात लांब लावा, वारा जोरात असतो.

आता टाकी. टाक्या तीन. एक स्वच्छ पाण्याची, एक आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची ती ग्रे, आणि तिसरी ती ब्लॅक. डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) आधी ब्लॅक रिकामी करायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याची जोडणी असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. पाणी निघून जातं आणि उरतं ते खाली थर धरून बसतं. पुढचं सविस्तर लिहीत नाही, जेवायची वेळ आहे. हातमोजे घ्या.

प्रतिसाद, डेन्व्हरहून

तीन गोष्टी राहिल्या. मुलीची कार सीट डायनेटच्या (जेवायच्या टेबलाच्या) पुढे तोंड असलेल्या बाकावरच बांधा, आडव्या बाकावर नाही, आणि गाडी चालू असताना कुणीही उठून चहा करायचा नाही. पार्कांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरचा आहे, एक गाडी, सगळी माणसं. माउंट रशमोरला मात्र तो चालत नाही, तिथे प्रवेश फुकट आणि पार्किंगचे १० डॉलर. वॉलमार्ट सगळीकडे राहू देत नाही, दर वेळी आत जाऊन मॅनेजरला विचारा.

धागाकर्ती (१४ मे, वेस्ट यलोस्टोनमधल्या एका दुकानाच्या पार्किंगमधून)

तातडीची मदत हवी आहे!

आतापर्यंत सगळं छान चाललं होतं. नोमॅड व्ह्यूला दोन रात्री राहिलो, बाबा पहाटे खुर्ची टाकून कड्याकडे बघत बसायचे. वॉल गावातल्या वॉल ड्रग या दुकानात पाच सेंटची कॉफी मिळते हे कळल्यावर त्यांनी तीन घेतल्या आणि पंधरा सेंट मोजून दिले. यूएस १६ ला दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, रस्ता मात्र कोरडा.

काल मॅडिसन कॅम्पग्राउंडला पोचलो. तिथे विजेची जोडणी नाही हे माहीत होतं. संध्याकाळी कुकर लावला, कारण तिथे पाणी ९३ अंशांनाच उकळतं, उघड्या भांड्यात तुरीची डाळ रात्रभर शिजली नसती. तिसऱ्या शिट्टीला शेजारचे आजोबा दारात आले, गॅस गळतोय का म्हणून विचारायला. त्यांना वरणभात दिला.

रात्री तीनला पीक, पीक, पीक. फर्नेस (गाडी गरम ठेवणारी भट्टी) बंद, दिवे मंद, दाराजवळच्या गॅस डिटेक्टरचा आवाज थांबेना. बाहेर उणे चार. प्रोपेन गॅस अर्धी टाकी शिल्लक होता! जनरेटर सकाळी आठपर्यंत लावायला बंदी. सासूबाईंनी मिरजेहून आणलेली गोधडी काढली (सामानाच्या वजनावरून आमचं त्या गोधडीपायीच वाजलं होतं), मध्ये लेकीला घेतलं आणि पाचही जणांनी एका बिछान्यात सकाळ केली. गाडी बिघडली का? आज रात्री पुन्हा तिथेच राहायचंय.

प्रतिसाद, मिनियापोलिसहून

गाडी ठीक आहे, बॅटरी संपली. फर्नेस पेटते प्रोपेनवर, पण गरम हवा फिरवणारा पंखा आरव्हीतल्या दिव्या-पंख्यांच्या वेगळ्या बॅटरीवर चालतो. थर्मोस्टॅट कितीवर होता? ७२ फॅरनहाइटवर ठेवला असणार. आज ६० वर ठेवा. संध्याकाळी सहा ते आठ जनरेटर चालवा. इंजिन चालू असतानाही ती बॅटरी चार्ज होते, म्हणून दिवसभर फिरून या. डिटेक्टरचा तो आवाज बहुतेक व्होल्टेज कमी झाल्याचा होता, पण आज एकदा बटण दाबून तपासा. तो बंद करून झोपू नका, काहीही झालं तरी. आणि जनरेटर मुख्य टाकीतूनच पेट्रोल घेतो. टाकी पाव राहिली की तो मुद्दाम बंद पडतो, म्हणून आधी पेट्रोल भरा.

धागाकर्ती

७४ वर होता. नवरा 'मी नाही' म्हणतोय.

धागाकर्ती (२३ मे)

पोचलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना हिशोब द्यायला हवा.

गाडीचं भाडं, विमा, कर मिळून १,४६० आणि वरच्या मैलांचे ९४. एकूण २,७४० मैल झाले, ३१२ गॅलन पेट्रोल, ते १,१२० चं. म्हणजे गॅलनला पावणेनऊ मैल. पेट्रोल नेवाडात महाग, कॅलिफोर्नियात त्याहून महाग, म्हणून सॉल्ट लेक सिटीला काठोकाठ भरलं होतं. आठ रात्री पैसे देऊन राहिलो, ३३०. बाकीच्या सहा फुकट, त्यात नोमॅड व्ह्यूच्या दोन, उरलेल्या वॉलमार्ट आणि विश्रांतीथांब्यांवर. किराणा ४१०, प्रोपेन ३१, पास आणि रशमोर ९०. बेरीज ३,५३५. शिकागोपर्यंतची रेल्वे यात नाही, ती नवऱ्याने बाबांची वाढदिवसाची भेट म्हणून वेगळ्या खात्यात टाकली आहे.

चुका सांगते. सॉल्ट लेक ते बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर) दोन दिवसांत उरकलं, तो अट्टहास होता. नेवाडात काही दिसत नाही असं आम्हीच ठरवलं होतं, आणि दुपारी चारच्या उन्हात दिसत नव्हतंही. त्याआधी युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर मात्र तासभर थांबलो. लेकीने चिमूटभर चाटून बघितलं. गाडीत लेव्हलिंग ब्लॉक (गाडी सपाट राहावी म्हणून चाकांखाली ठेवायचे ठोकळे) नव्हते आणि गाडी तिरकी राहिली की फ्रिज नीट गार होत नाही, म्हणून सू फॉल्सला ते विकत घेतले, नाहीतर दही गेलंच होतं.

गाडी परत देताना टाक्या रिकाम्या नसतील तर दंड असतो. तिथला मुलगा वही घेऊन गाडीभोवती फिरला आणि डंपच्या झाकणापाशी थांबला. आम्ही काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "दोन्ही मोकळ्या केल्यात बाळा, आधी काळी, मग राखाडी." त्याने मान डोलावली आणि सही केली.

आठ लेव्हलिंग ब्लॉक आणि ३० अँपचं १५ अँपला लावायचं अडॅप्टर उरलं आहे. फ्रीमाँटला येऊन कुणी घेऊन जाणार असेल तर फुकट देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.