मंडळाची वेबसाईट आणि व्हिडिओ सगळ्यांना वापरता यावेत यासाठी सल्ला हवा (इंदूर)

मेधा_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. आमच्या मराठी मंडळाची वेबसाईट नव्याने करायला दिली आहे. गणेशोत्सवातली कीर्तनं, व्याख्यानं, एकांकिका आम्ही यूट्यूबवर टाकतो, तेही आता नीट मांडायचं आहे. सभासदांत काही जण दृष्टिहीन आहेत, ज्येष्ठांपैकी बऱ्याच जणांना ऐकायला कमी येतं, आणि दोन कुटुंबांत कर्णबधिर मुलं आहेत. यांतल्या कोणालाही दुसऱ्याला विचारत बसावं लागू नये, असं यंदा कार्यकारिणीत ठरलं.

वेबसाईट करणाऱ्याने कोटेशन पाठवलंय. त्यात ऑल्ट टेक्स्ट, क्लोज्ड कॅप्शन, ट्रान्सक्रिप्ट, ऑडिओ डिस्क्रिप्शन, कॉन्ट्रास्ट, स्क्रीन रीडर सपोर्ट, 'डब्ल्यूसीएजी डबल ए' अशा ओळी आहेत आणि प्रत्येकीपुढे वेगळी रक्कम. शिवाय वार्षिक वर्गणीवर एक 'अ‍ॅक्सेसिबिलिटी विजेट'. यातलं काय म्हणजे काय, कशावर खर्च करावा आणि काय आम्हीच घरच्या घरी करू शकतो, हे कोणी सांगेल का? बजेट बेताचं आहे.

श्रीरंग_स्नेहलतागंज

मेधाताई, हा धागा काढलात याचा फार आनंद झाला. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि दिवसभराचं काम कॉम्प्युटरवरच करतो. माझ्या बाजूचे शब्द मी सांगतो.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मी एनव्हीडीए वापरतो. ते मोफत आहे आणि २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन प्रोग्रामरने ते सुरू केलं, नंतर दुसरा दृष्टिहीन प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतं, आयफोनवर व्हॉइसओव्हर. दोन्ही फोनमध्ये आधीपासूनच असतात, विकत काही घ्यावं लागत नाही. त्यामुळे 'स्क्रीन रीडर सपोर्ट' या ओळीचे वेगळे पैसे कशाचे, हे त्याला जरूर विचारा. पान नीट बांधलं असेल तर स्क्रीन रीडर ते आपोआप वाचतो.

नीट बांधलं म्हणजे काय? मी पान वरून खालपर्यंत ऐकत बसत नाही. एच हे बटण दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पण मथळा नुसता मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिला आणि आत त्याला हेडिंग म्हणून खूण केली नाही, तर माझ्यासाठी तो मथळा नाहीच. लिंकचंही तसंच. मी सगळ्या लिंकची यादी उघडतो आणि यादीत 'इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी 'उत्सवाची कार्यक्रमपत्रिका' असं लिहिलं की काम झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुमच्या कोटेशनमध्ये नाहीच: पत्रिका. आपल्याकडची बहुतेक मंडळं पत्रिका चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. माझा फोन म्हणतो 'फोटो', आणि संपलं. कीर्तन किती वाजता, बुवा कोण, हॉल कुठला, काही कळत नाही. पीडीएफ केली तरी गोष्ट संपत नाही. छापखान्यात अजून बरंचसं काम कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. तुम्हाला पडद्यावर 'गणेशोत्सव' दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो. मला ऐकू येतं ते कुठल्याच भाषेतलं नसतं. तपासायचं सोपं आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी आलं तर ठीक, भलतंच काही आलं तर पत्रिका माझ्या उपयोगाची नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी टाईप होतं त्या पद्धतीत, केलेल्या पीडीएफमध्येही कधीकधी जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. म्हणून माझा आग्रह असा की पत्रिकेचं सुंदर चित्र खुशाल पाठवा, पण त्याच मेसेजखाली सगळा मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून टाका. वेबसाईटवरही तो साधा मजकूर म्हणून असू द्या. याला एक पैसा लागत नाही.

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोला जोडलेलं छोटं वर्णन. ते डोळ्यांना दिसत नाही, स्क्रीन रीडर वाचतो. 'कार्यक्रमाचा फोटो' असं लिहून उपयोग नाही. 'मंचावर कीर्तनकार बाई उभ्या, हातात चिपळ्या. शेजारी तबला आणि पेटीची साथ. समोर सतरंजीवर लहान मुलं बसलेली' असं लिहिलंत तर मलाही तो कार्यक्रम कळतो. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवायला सांगा. तो दिलाच नाही तर फाईलचं नाव, म्हणजे 'आयएमजी' आणि पुढे लांबलचक आकडे कधीकधी ऐकावे लागतात. वर्णन लिहायचं काम वेबसाईटवाल्याकडे देऊ नका. फोटोत कोण आहे हे मंडळातल्याच माणसाला माहीत असतं.

वृषाली_सुदामानगर

माझा मुलगा कर्णबधिर आहे, म्हणून कॅप्शनबद्दल मी लिहिते.

सबटायटल आणि कॅप्शन सगळे एकच समजतात. सबटायटल हे भाषा न कळणाऱ्यासाठी असतं, त्याला आवाज ऐकू येतो असं गृहीत धरलेलं असतं. कॅप्शनमध्ये बोलणं तर येतंच, शिवाय कोण बोलतंय आणि कुठला आवाज होतोय हेही येतं. 'दारावर थाप', 'श्रोत्यांमधून टाळ्या', 'पडद्यामागून आईचा आवाज' वगैरे. एकांकिकेत पात्रं दचकतात आणि माझ्या मुलाला कारणच कळत नाही. फोन वाजलाय हे कोणीतरी लिहायला हवं ना! क्लोज्ड कॅप्शन बघणाऱ्याला चालू-बंद करता येतात. ओपन कॅप्शन व्हिडिओतच छापलेले असतात. यूट्यूबसाठी क्लोज्ड घ्या. नंतर चूक दुरुस्त करता येते, आणि अक्षरं मोठी करायची सोय बघणाऱ्याच्या हातात राहते.

हे घरी करता येतं. एसआरटी नावाची साधी मजकुराची फाईल असते. त्यात ओळीचा क्रमांक, ती किती मिनिट-सेकंदाला सुरू होते आणि कितीला संपते, आणि खाली वाक्य. ती यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करून यूट्यूबला चढवायची. एका वेळी दोनच ओळी ठेवा. मशीनने आपोआप काढलेल्या कॅप्शनवर कीर्तनाच्या बाबतीत अजिबात विसंबू नका. ओवी आली, अभंग आला, मध्येच संस्कृत श्लोक आला की मशीन काहीही लिहितं. बुवांकडून पूर्वरंगातले अभंग आधीच लिहून घ्या आणि तसेच्या तसे टाका. आमच्या घरी हे काम सासूबाई करतात. त्यांना अभंग पाठ आहेत आणि त्या फोनवर झरझर मराठी टाईप करतात. तुमच्याही मंडळात अशा आजी-आजोबा नक्की असतील, त्यांना हाताशी धरा.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या बोलण्याचा सलग लिखित मजकूर. व्याख्यानाला तो फार उपयोगी पडतो, वाचायलाही आणि नंतर शोधायलाही. कॅप्शन झाले की ट्रान्सक्रिप्ट त्यांतूनच निघतो, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. कॅप्शन दिले म्हणजे सगळ्या कर्णबधिरांची सोय झाली असं होत नाही. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांना लिखित मराठी किंवा हिंदी ही दुसरी भाषा असते. सांकेतिक भाषेचं व्याकरणही वेगळं आहे. उत्सवाच्या एका तरी मोठ्या कार्यक्रमाला दुभाषी ठेवा. आपल्या इंदूरमध्ये आनंद सर्व्हिस सोसायटी कर्णबधिरांसाठी काम करते, तिथे चौकशी करता येईल. दुभाषाला मंचावर चांगल्या उजेडात उभं करा आणि कॅमेऱ्याच्या चौकटीतून कापू नका.

मेधा_लोकमान्यनगर

किती मनापासून लिहिलंत दोघांनी! पत्रिकेचा मजकूर आजपासूनच मेसेजमध्ये टाकायला सांगितलं. आता डबल ए, कॉन्ट्रास्ट आणि ते विजेट राहिलं. आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन आम्हाला झेपेल का?

केदार_वडोदरा

मी वेबसाईटचंच काम करतो, दांडिया बाजारातल्या एका मंडळाचीही केली आहे.

विजेट घेऊ नका. पानाच्या कोपऱ्यात एक चिन्ह येतं, दाबलं की अक्षरं मोठी करा, रंग बदला वगैरे पर्याय दिसतात. या सोयी फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासूनच असतात. आत हेडिंग नसेल, फॉर्मच्या रकान्याला नाव नसेल, तर विजेट ते भरवशाने दुरुस्त करू शकत नाही. अमेरिकेत अ‍ॅक्सेसिबी नावाच्या अशाच एका कंपनीला, आपलं साधन कुठलीही वेबसाईट नियमात बसवतं असा दावा केल्याबद्दल, २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने १० लाख डॉलर भरायला लावले. ते पैसे कॅप्शनवर घाला.

डब्ल्यूसीएजी ही वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाईडलाईन्सची आद्याक्षरं. वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची ही जागतिक पातळीवरची नियमावली आहे, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या आहेत. बहुतेक ठिकाणी डबल ए मागतात, तुम्हीही तेच मागा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन ही तर पहिल्या पायरीचीच अट आहे. लाइव्ह कार्यक्रमाचे कॅप्शन आणि व्हिडिओचं ऑडिओ डिस्क्रिप्शन डबल ए मध्ये येतं.

कॉन्ट्रास्ट म्हणजे अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातला फरक. साध्या अक्षरांना किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. आपल्या मंडळांचा जीव केशरी रंगावर, पण झेंड्यासारखा केशरी पांढऱ्यावर लिहिला तर जेमतेम २.१ भरतो. म्हाताऱ्या डोळ्यांना ती अक्षरं दिसतच नाहीत. तोच केशरी मागे ठेवून वर काळी अक्षरं घेतली की ९ च्या पुढे जातो. गडद मरून पांढऱ्यावर ११ च्या जवळपास. त्यामुळे केशरी सोडायचं काहीच कारण नाही, फक्त तो अक्षरांमागे ठेवा.

वेबसाईटवाल्याला आणखी दोन गोष्टी सांगा. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदव. ती इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर चुकीचा आवाज निवडू शकतो. आणि माऊस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या बटणाने सगळ्या साईटवर फिरून दाखव. आपण कुठल्या बटणावर आहोत ती चौकट प्रत्येक वेळी दिसली पाहिजे. हे दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

श्रीरंग_स्नेहलतागंज

केदारदादांनी विजेटबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं. माझ्या कामात अशा विजेटची मदत होण्याऐवजी अडथळाच होतो.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत, दिसणारी गोष्ट आवाजात सांगणं. व्याख्यानाला ते सहसा लागत नाही. वक्त्याला एवढंच सांगा की पडद्यावर जे दाखवाल ते तोंडाने बोला. 'हे बघा, इथे' म्हणू नका, 'डावीकडे राजवाडा, त्याचे वरचे मजले लाकडी' असं म्हणा. एकांकिकेला मात्र हवंच. पूर्ण वर्णन जमत नसेल तर निदान सुरुवातीला एक मिनिटाचं निवेदन करा: मंचावर काय मांडलंय, पात्रं कोण, कोणाचा पोशाख कसा. मग शेवटी नायिका न बोलता पत्र फाडते, तेवढी एकच जागा निवेदकाने भरली तरी नाटक हातातून सुटत नाही.

कार्यकारिणीत कोणी 'हे सगळं कशाला' म्हणालं तर सांगा, दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मध्ये माध्यमं सुगम करण्याबद्दलच लिहिलंय. आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटलंय.

मेधा_लोकमान्यनगर

विजेट कोटेशनमधून काढायला सांगितलं. कॅप्शनसाठी कुलकर्णी आजी आणि जोशी काका दोघंही तयार झाले. जुन्या स्मरणिकांचे स्कॅन आहेत, त्यांचं काय करू? आणि श्रीरंगदादा, साईट तयार झाल्यावर तुम्ही तपासून द्याल का? त्याचं मानधन देण्याचं कार्यकारिणीने मान्य केलंय.

श्रीरंग_स्नेहलतागंज

स्कॅन म्हणजे माझ्यासाठी कोरा कागद. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्यातून मजकूर काढता येतो. गूगल ड्राइव्हमध्ये फाईल चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी बऱ्यापैकी येतं, पण जुन्या छपाईत चुका राहतात, कोणीतरी वाचून दुरुस्त करावं लागतं. सगळ्या एकदम घेऊ नका. ज्या लेखांची लोक विचारणा करतात ते आधी करा.

तपासून नक्की देतो, आणि मानधनाचा विचार केलात हे फार आवडलं. पूर्ण साईट होईपर्यंत थांबू नका. देणगीचा आणि सभासद नोंदणीचा फॉर्म आधी पाठवा. तिथे रकान्यांना नावं नसली की नुसतं 'एडिट, एडिट' ऐकू येतं आणि फोन नंबर कुठे लिहायचा ते समजत नाही. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक, दोन्हींवर बघून कळवतो.