अनुभव धागा: स्क्रीनवरचे पट्टे, ठिपके, चौकोन आणि ग्राफिक्स कार्ड

स्क्रीनवर पट्टे आले की दुकानदार म्हणतो मॉनिटर गेला, पुतण्या म्हणतो ड्रायव्हर टाक, शेजारचे काका म्हणतात विंडोज मारून घे. ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचं, नाव सगळ्यात शेवटी निघतं, तोवर खिसा हलका झालेला असतो. म्हणून हा धागा. नेमकं काय दिसलं, दोष कुठे आहे ते कसं धरलंत आणि पुढे काय केलंत, तेवढं लिहा. कार्डांच्या किमतीवर रडायला वेगळी जागा आहे.

सुरुवात मी करते. काम लग्नाच्या अल्बमचं. एका दुपारी फोटोशॉपमध्ये नवरीच्या शालूवर बारीक हिरवे चौकोन उमटले, अगदी सरळ रांगेत. झूम केलं की जागा बदलायचे. प्रिंट स्क्रीन घेऊन तो फोटो मोबाईलवर पाठवला, तर तिथेही चौकोन तसेच. म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही सुटले. चित्र केबलपर्यंत पोचायच्या आधीच नासत होतं. एक्स्पोर्ट केलेली जेपीजी मात्र स्वच्छ निघत होती, त्यामुळे अल्बम वेळेत गेला. नंतर कार्ड काढून मदरबोर्डाच्या (संगणकाच्या मुख्य बोर्डाच्या) स्वतःच्या पोर्टवर मॉनिटर लावला, चौकोन गायब. कार्ड वॉरंटीत होतं, बदलून मिळालं.

मुंबई, रिपेअरिंगवाला
ताई, बरोबर, पण त्यात एक पुरवणी जोडतो. स्क्रीनशॉटमध्ये कचरा आला तर मॉनिटर सुटला, हे खरं. पण स्क्रीनशॉट साफ आला म्हणून कार्ड सुटत नाही. पोर्टकडे चित्र पाठवणारा भागही कार्डावरच असतो, आणि तो बिघडला तर स्क्रीनशॉट चकाचक येतो. तेव्हा केबल बदला, दुसरं पोर्ट घ्या, दुसरा मॉनिटर लावा. घरी दुसरा मॉनिटर नसेल तर टीव्ही आहेच.

आणखी दोन गोष्टी. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू आणा. तो मेनू मॉनिटरच काढतो, कार्ड नाही. मेनूवरूनही पट्टे जात असतील तर पॅनेल बघा. मेनू स्वच्छ आणि मागे कचरा असेल तर दोष बहुतेक केबल किंवा कार्डाकडून येतोय. दुसरं म्हणजे मशीन चालू करून थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर जा. तिथेही ठिपके असतील तर विंडोज आणि ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडू नका, ते अजून जागेच झालेले नसतात.

मदरबोर्डाचं पोर्ट वापरायच्या आधी प्रोसेसर बघा. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तिथे काळा पडदाच दिसणार. लोक घाबरून मदरबोर्डही बदलायला निघतात.

चंद्रपूर
आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या पुढे. सकाळी गेम नीट चालायचा, दुपारी झाडांना गुलाबी काटे फुटायचे, मग स्क्रीन काळी आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, पुन्हा सुरू झाला’ असा निरोप. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ते पुन्हा सुरू करतं, हे तेव्हा कळलं. कार्डाचे दोन पंखे, त्यातला एक हाताने फिरवला तरी अडखळत होता. पंखा बदलला, हीटसिंकमधली (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ काढली, चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट नवी लावली. घरात वाळ्याचा कूलर असेल तर त्याच्या झोतात सीपीयू ठेवू नका भाऊ, धूळ ओली होऊन चिकटते.

रत्नागिरी
खारी हवा. कार्ड काढून त्याचे स्लॉटमध्ये बसणारे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरने हलके पुसले, परत घट्ट बसवलं. पट्टे गेले. विषय संपला.

डोंबिवली
बिघडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजून त्याचं सोल्डर (भाग जोडणारा धातू) पुन्हा वितळवण्याचा प्रयोग कुणी केलाय का? माझ्या मावसभावाने ओटीजीमध्ये भाजलं होतं, चाललंही.

मुंबई, रिपेअरिंगवाला
किती दिवस चाललं ते विचारा त्याला. युरोपने जुलै 2006पासून शिशाच्या सोल्डरवर बंदी आणली आणि जगभर बिनशिशाचं सोल्डर आलं. ते साधारण 217 अंशांना वितळतं. 200वर लावलेल्या ओव्हनमध्ये वितळतच नाही. बहुतेक वेळा तुटलेलं असतं ते चिपच्या पोटातलं बारीक जोडकाम. उष्णतेने ते जरा हलून टेकतं आणि पुन्हा सुटतं. 2008मध्ये एका मोठ्या चिप कंपनीने लॅपटॉपच्या चिपमधल्या अशाच दोषासाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले होते. ओव्हनने भागलं असतं तर कशाला काढले असते? आणि त्याच ओटीजीत मावशी नानकटाई करत असतील तर कृपा करून थांबवा.

पुणे, विद्यार्थी
सप्टेंबर 2022मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (गणितं सोडवून नाणी मिळवणं) ग्राफिक्स कार्डांवरून बंद झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात स्वस्तात आली. मीही एक घेतलं. डेस्कटॉपवर काही नाही, गेममध्ये मात्र रंगीत ठिणग्या. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या मेमरीचा वेग थोडा खाली आणला की ठिणग्या कमी. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) चाचणी लावली तर चुकांचा आकडा बघता बघता चढत गेला. त्याचा व्हिडिओ काढून विकणाऱ्याला दाखवला, निम्मे पैसे परत मिळाले. रिपेअरिंगवाले काका, याचं काही होईल का?

बंगळूर
जरा वेगळं. मी खुर्चीवरून उठलो की मॉनिटर क्षणभर काळा व्हायचा. ऑफिसवाले कार्ड बदलायला निघाले होते. निघाली गॅसवर वरखाली होणारी खुर्ची! उठताबसता तिच्यात स्थिर वीज सुटते आणि केबल ती पकडते. चांगल्या आवरणाची, आखूड केबल लावली, थांबलं.

मुंबई, रिपेअरिंगवाला
पुणेकर, मेमरीची एकच चिप गेली असेल तर बदलता येते. नेमकी कोणती ते चाचणीचं खास सॉफ्टवेअर दाखवतं. पण चिप, मजुरी धरून खर्च जुन्या कार्डाच्या किमतीजवळ जातो, म्हणून आधी आकडा विचारा. तोपर्यंत वेग खाली ठेवून चालवा, कामाच्या मशीनवर नको. आणि समोरचा ‘हीट मारून देतो’, म्हणजे चिप तापवून देतो, म्हणाला, तर कार्ड उचला आणि घरी या.