मोडीतली मोहनमाळ

काही जण म्हणतात की जुना दागिना घ्यायचा तर आटवून नवा घडवावा, 'दुसऱ्याचं अंगावर नको'. भावनेशी वाद नाही. पण आटवला की घट जाते, घडणावळ पुन्हा भरावी लागते, आणि जुन्या हातची कारागिरी कायमची जाते. माझ्या आईने एका ओळखीच्या काकूंची मोहनमाळ मोडीच्या भावात घेतली. तसे मणी आज करून मागा, सोनार आधी तुमच्याकडे बघतो, मग मजुरी सांगतो!

शिवाय जुना दागिना घेतला की त्यासाठी नवं सोनं खाणीतून काढावं लागत नाही. खाणीचं म्हणाल तर टनभर खडकातून पाच ग्रॅम सोनं निघालं तरी खाण चांगली म्हणायची. ते वेगळं करायला बहुतेक ठिकाणी सायनाइड वापरतात. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण 2001 साली बंद पडली, पण तिथले सोनं काढून उरलेल्या गाळाचे डोंगर अजून वस्तीला लागून उभे आहेत. वारा सुटला की धूळ घरात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या खाणींत तर पारा वापरतात, तो हाताने कालवून आणि जाळून. मजुरांच्या फुप्फुसात आणि नदीतल्या माशांत तोच जातो.

अर्थात आपण एक ठुशी जुनी घेतल्याने खाण बंद होत नाही, तेवढा भाबडेपणा नको.

घेताना दोन गोष्टी बघा. ठुशी, पाटल्यांत लाख भरलेली असू शकते, तिचं वजन सोन्यात धरू नका. आणि मूळ पावती मागाच. चोरीचा निघाला तर पोलीस दागिना घेऊन जातात, पैसे कुणी देत नाही.